साडेसात ग्रॅम मेटॉल

गुरुग्रामला अठराव्या मजल्यावर जून नुसता दिसतो, लागत नाही. काचेपलीकडे आभाळ पांढरंफटक पडलेलं असतं, खाली रस्ता थरथरताना दिसतो, आणि आत मी एसीत शाल पांघरून बसलेली. परवा अशीच बसले होते तर रेवा आली. रेवा म्हणजे माझी नात, मिलिंदची मुलगी, कॉलेजात आहे. गळ्यात आजोबांचा जुना कॅमेरा. हल्ली या मुलांना म्हणे पुन्हा रोलचं वेड लागलंय. मोबाइलवर हजार फोटो फुकट निघतात, तर यांना छत्तीसच हवेत, तेही ब्लॅक अँड व्हाइट. असो, ज्याची त्याची हौस.

"आजी यार, एक सांग," ती म्हणाली, "आजोबा कुठला डेव्हलपर वापरायचे? मला एकदम फाइन ग्रेन पाहिजे. हॉलमधल्या त्या फोटोसारखा. बिल्कुल तसाच."

आजोबा कुठला डेव्हलपर वापरायचे! मी शाल सारखी केली आणि म्हटलं, "बघते आठवून."

आठवायचं काय त्यात, कप्पाळ! साडेसात ग्रॅम मेटॉल, शंभर ग्रॅम सोडियम सल्फाइट आणि लिटरभर पाणी. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. हॉलमधला तो फोटो माझा आहे. त्याचा डेव्हलपर मी निवडला, मी कालवला, रोल मी धुतला आणि कॅमेऱ्याचं बटणही मीच दाबलं. फ्रेमखालच्या पितळी पट्टीवर मात्र आमच्या ह्यांचं नाव आहे. हे गेल्यावर मिलिंदनं ती पट्टी मुद्दाम करून घेतली. दर शनिवारी चिंच लावून मी ती घासते. काळी पडली तर लोक मलाच नावं ठेवतील ना!

तो फोटो काढला त्या वर्षीचा जून मात्र लागला होता. दिल्लीच्या सरोजिनी नगरातलं सरकारी क्वार्टर, तळमजला, दोन खोल्या, मागे एवढंसं अंगण आणि त्यात एक कडुनिंब. सकाळी नऊला अंगणाची फरशी तापायची. दुपारी लूचा गरम वारा सुटला की खिडकीच्या फटीतून धूळ आत येई आणि पोळीच्या डब्यात, मिलिंदच्या केसांत, दातांखाली, सगळीकडे कचकच करी. नळाला पाणी सकाळ-संध्याकाळ दोन तास, आणि तेही असं की चहासाठी वेगळं तापवायला नको. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांना सारखं पाणी मारावं लागे. अजूनही कुठे ओल्या वाळ्याचा वास आला की माझ्या बोटांची आग होते. लोकांना त्या वासानं गार वाटतं म्हणे. माझ्या बोटांचं कारण वेगळं आहे, सांगते.

आमचे हे मंत्रालयात अप्पर डिव्हिजन क्लार्क. दिवसभर फायली, आणि शनिवारी संध्याकाळी कॅमेरा क्लब. तिथे दहा-बारा पुरुष जमायचे. दोन रिटायर्ड इंजिनिअर, एक दातांचे डॉक्टर, बाकीचे आमच्यासारखेच क्वार्टरवाले. तासन्‌तास वाद चालायचा तो डेव्हलपरचा. एका गटाचं म्हणणं, फिल्म जोरदार डेव्हलपरमध्ये धुवावी, चित्र कसं खणखणीत निघतं. दाणा, म्हणजे रेवाचं ते ग्रेन, दिसला तर दिसू दे. दुसरा गट बारीक दाण्याचा. आमचे हे जोरदारवाले. घरी येऊन मला ऐकवायचे, "अगं, फोटोत दम पाहिजे, दम!" दम म्हणजे काय, तर माणसाच्या गालावर जाडा रवा शिंपडल्यासारखं दिसायचं. मी म्हणायची, "अहो, याला देवी आल्यात का?" मग हे रुसायचे.

आता माझी गंमत ऐका. मी नागपूरची बी.एस्सी., केमिस्ट्री घेऊन, फर्स्ट क्लास. लग्न ठरताना सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, "मुलगी शिकलेली आहे, पण स्वयंपाकही करते हो." त्या 'पण'मध्ये माझी अख्खी डिग्री मावली. दिल्लीत आल्यावर माझी केमिस्ट्री भजीच्या सोड्यापुरती उरली होती. त्यामुळे ह्यांनी पहिल्यांदा बाथरूमच्या खिडकीला ऑफिसातले कार्बन पेपर चिकटवून डार्करूम केली, बाटल्या आणल्या, तेव्हा मला खरं सांगते, माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. मेटॉल, हायड्रोक्विनोन, सल्फाइट, हायपो. किती दिवसांनी कुणी ती नावं घेतली होती.

ह्यांना नावं माहीत होती, गुण माहीत नव्हते. एकदा आधी सगळा सल्फाइट ओतला आणि मग मेटॉल टाकलं. ते विरघळेना. ढवळ ढवळ ढवळलं, तळाशी पांढरी कणी तशीच. "माल भेसळीचा आहे," म्हणाले. मी दारातूनच सांगितलं, "माल चांगला आहे. आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल पूर्ण विरघळू द्यायचं, मग उरलेला सल्फाइट. आधी मोहरी की आधी हिंग, तसंच हे." हे म्हणाले, "तू पोळ्या बघ, करपतील." पण पुढच्या वेळी तसंच केलं, मी बघितलं ना. आणि त्या एप्रिलमध्ये तर मिलिंदच्या दुसऱ्या वाढदिवसाचा रोल ह्यांनी नळाच्या पाण्यानं धुतला. उन्हाळ्याचं नळाचं पाणी ते! फिल्मवरचा थर तापल्या दुधावरच्या सायीसारखा सुटून हातात आला. केक, फुगे, मिलिंद, सगळं मोरीत वाहून गेलं. त्या दिवशी हे पहिल्यांदा म्हणाले, "पुढचा तू बघतेस का जरा?"

मग मी बघितलं. जरा नाही, चांगलं बघितलं. ह्यांची इंग्रजी पुस्तकं दुपारी मिलिंदला थोपटता थोपटता वाचून काढली. फिल्मवरचं चित्र म्हणजे शेवटी चांदीचे कण. डेव्हलपरमध्ये सल्फाइट भरपूर असला की तो त्या कणांच्या कडा हळूहळू विरघळवतो, आणि दाणा बारीक होतो. पण फुकट काही नसतं. चित्राची धार किंचित कमी होते, आणि फोटो काढतानाच फिल्मला नेहमीपेक्षा जास्त उजेड द्यावा लागतो. नाही दिला तर सावलीतलं सगळं कोरं राहतं. म्हणजे डेव्हलपर मागाहून निवडायची गोष्टच नाही. बटण दाबायच्या आधी ठरलेलं पाहिजे की हा रोल कशात धुवायचा. क्लबातल्या बाप्यांचा सगळा वाद रोल धुवायला काढल्यावर सुरू व्हायचा, ही त्यांची खरी अडचण होती. संसारातही कशात बुडवणार आहेत ते आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, पण ते जाऊ दे.

मी ठरवलं: मेटॉल आणि सल्फाइट, बस. तिसरं काही नाही. हायड्रोक्विनोनचा तिखटपणा नाही. हे म्हणाले, "अगदीच आजाऱ्याची खिचडी झाली ही." मी म्हटलं, "खाऊन तर बघा." चांदणी चौकामागे केमिकलच्या बाजारात मीच गेले, बसनं, मिलिंदला कडेवर घेऊन. दुकानदार विचारतो, "बहनजी, भाईसाहब ने क्या मँगवाया है? पर्ची लाई हैं?" मी म्हटलं, "पर्ची नहीं है. मुँहज़बानी लिख लो." त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्या दुकानात पोहायला आले होते.

पानिपतच्या चादरीचीही एक गोष्ट त्याच जूनमधली आहे. हे ऑफिसच्या कामानं पानिपतला गेले आणि येताना हातमागाचा एक जाड खेस घेऊन आले. ह्यांचे ऑफिसातले मराठी दोस्त चिडवत होते, "मराठी माणूस पानिपतावरून काहीतरी घेऊन परत आला, कमाल झाली!" तो खेस अंगणातल्या बाजेवर अंथरला. त्याचे काळेपांढरे चौकडे फोटोत अजून मोजता येतात.

तो रविवार होता. कॅमेऱ्यात रोल अडकून पडला होता, चार फोटो बाकी. पुढच्या शनिवारी क्लबात स्पर्धा होती आणि ह्यांना या रोलवरचे किल्ल्याचे फोटो द्यायचे होते. जेवण झालं. हे अंगणात निंबाखाली बाजेवर आडवे झाले, पंचा माठातल्या पाण्यात बुडवून तोंडावर घेतला, आणि पंचाखालून म्हणाले, "ते चार उरलेत ना, ते कशाचेही काढून टाक. रोल संपव. बर्फ आला की धुवायला घे, मी उठतोच."

कशाचेही काढून टाक! हे शब्द मला तसेच्या तसे पाठ आहेत.

पहिले तीन मी मिलिंदचे काढले. तो बादलीत बसला होता. आणि मग वळून बघितलं तर हे झोपले होते. सावली, पण उजळ सावली. भिंतीवरून उन्हाचा उजेड परतून येत होता. ओला पंचा तोंडाला चिकटलेला, त्याखाली नाक, ओठ, आणि तोंडाशी श्वासानं पडलेली खळगी. कापडाचा धागा न्‌ धागा दिसत होता. पाय बाजेच्या बाहेर, माझ्याकडे आलेले, तळवे धुळीनं मळलेले. घाम मानेवरून खेसात उतरत होता. मला काय वाटलं सांगू? मला फार माया वाटली. हा माणूस सहा दिवस उन्हातून सायकल मारतो, साहेबाचं ऐकून घेतो, आणि सातव्या दिवशी असा पडतो. मी खाली उकिडवी बसले. कॅमेऱ्याचं कडं एक घर सरकवून उजेड जास्त दिला, कारण डेव्हलपर कुठला ते माझ्या डोक्यात पक्कं होतं. श्वास आत गेला, खळगी खोल झाली, तेव्हा बटण दाबलं. तेव्हाची माया आठवली की मलाच माझा राग येतो.

बर्फवाला तीनला आला. भुशातला बर्फ धुऊन मोठ्या परातीत फोडला. सगळी पाणी वीस अंशांवर आणायची होती. नुसता डेव्हलपर नाही, चित्र पक्कं करणारा हायपो, मधलं पाणी, शेवटचं पाणी, सगळंच. एक जरी गरम राहिलं की झाली साय. रोल धुवायच्या डब्याएवढ्या बंद टाकीत भरायला पूर्ण अंधार लागतो, आणि कार्बन पेपरच्या फटीतून दुपारचं ऊन यायचं. म्हणून जूनच्या दुपारी हिवाळ्याची रजई काढली, तिच्याखाली शिरले आणि चाचपडत रोल भरला. बाहेर आले तेव्हा केसांतून पाणी गळत होतं. मग बारा मिनिटं. दर मिनिटाला टाकी उलटायची, पुन्हा सरळ. थर्मामीटर विसाच्या पुढे सरकला की बर्फाचा खडा. पलीकडे मिलिंद रडत होता, त्याला मी तसाच रडू दिला. ओली फिल्म दोरीवर टांगून खिडकीला ओली चादर लावली, धूळ बसू नये म्हणून. ती निगेटिव्ह उजेडात धरली आणि मला कळलं. केमिस्ट्रीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता.

हे साडेपाचला उठले आणि म्हणाले, "चहा?"

किल्ल्याचे फोटो सावलीच्या जागी कोरेच आले. काढताना ह्यांनी उजेड नेहमीचाच दिला होता, मी दहादा सांगूनही. ह्यांनी निगेटिव्हची सगळी पट्टी बघितली आणि शेवटच्या फोटोशी थांबले. खूप वेळ थांबले. "हा मोठा करू या," म्हणाले. मी हरखले. रात्री प्रिंटही मीच केला, हे लाल दिवा धरून उभे होते. शनिवारी कागदात गुंडाळून घेऊन गेले. मला वाटलं, दाखवायला.

पुढच्या रविवारी खन्नासाहेब मिठाई घेऊन घरी आले. क्लबातले सर्वांत ज्येष्ठ, रिटायर्ड इंजिनिअर, मोठा दिलदार माणूस. दारातूनच ओरडले, "भाभीजी, मुबारक हो! आपके मियाँ ने तो कमाल कर दिया! पहला इनाम!" फोटोचं नाव ह्यांनी 'श्रमिक' ठेवलं होतं. खन्नासाहेब म्हणत होते, "क्या मज़दूर पकड़ा है! उसकी थकान देखिए! और ग्रेन? ग्रेन तो ढूँढे नहीं मिलता. कौन सा डेवलपर है यार, अब तो बता दो!"

मी ट्रे घेऊन उभी होते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. हो, पाहिलं. मग कप उचलला आणि म्हणाले, "बस जी, अपना ही एक फ़ॉर्मूला है."

नसतं पाहिलं तर मी म्हटलं असतं, विसरले असतील, गडबडले असतील. पण पाहिलं.

खन्नासाहेब गेल्यावर मी विचारलं. हे म्हणाले, "अगं, मेंबर मी आहे. बायकोच्या नावानं कसा देणार? कॅमेरा माझा, रोल माझा. आणि आपल्यात तुझं-माझं असतं का कधी?"

"फोटोतला मजूरही तुम्हीच," मी म्हटलं. "स्वतः झोपलेले असताना स्वतःचा फोटो काढलात, खरंच कमाल केलीत."

हे हसले. वर म्हणाले, "हे मात्र कुणाला सांगू नकोस हं." आणि मी नाही सांगितलं! आयत्या बिळावर नागोबा बसला आणि मी वर त्याला दूध घालत राहिले. माझाही राग मला तेवढाच येतो, खोटं कशाला बोलू? मूग गिळून बसायला मला कुणी दोरीनं बांधलं नव्हतं. तेव्हा वाटलं, नवऱ्याचं चारचौघांत हसं कशाला. मग मिलिंदची शाळा, मग ह्यांची प्रमोशनं, मग ह्यांचं ब्लडप्रेशर. सांगायची वेळ नेहमी एकतर फार लवकर असायची, नाहीतर फार उशिराची.

एवढं मात्र केलं, की पुन्हा मेटॉलला हात लावला नाही. कारणही तयारच होतं. मेटॉलनं बोटं फुटतात, काहींना बाधतंच ते. माझी त्या उन्हाळ्यात भेगाळली होती, मिठाच्या पाण्यात कणीक भिजवताना डोळ्यांत पाणी यायचं, कूलरच्या वाळ्यावर पाणी मारलं तरी झोंबायचं. पुढे हे तयार पाकिटं आणायचे. क्लबात सगळे विचारायचे, "फिर वैसा कुछ दिखाओ!" ह्यांनी मग पंधरा-वीस मजूर झोपवले, बाजेवर, हातगाडीवर, फुटपाथवर. पण सगळ्यांच्या तोंडावर जाडा रवा. एकदा अगदी अजिजीनं म्हणाले, "एकदा कालवून दे ना." मी बोटं पुढे केली. तेव्हा ती कधीच बरी झाली होती, आणि ह्यांनाही ते दिसत होतं. तसेच परत गेले. हा माझा एकुलता एक सूड, आणि त्यात मलाच काही मिळालं नाही. माझे हात रिकामे राहिले.

दोन वर्षांपूर्वी हे गेले. शोकसभेत समोर दोन फोटो ठेवले होते. एक ह्यांचा, हार घातलेला. शेजारी तो 'श्रमिक', ह्यांची कला म्हणून. लोक एकाला नमस्कार करत होते आणि दुसऱ्याचं कौतुक. दोन्ही फोटोंत हेच होते, आणि अख्ख्या हॉलमध्ये ते एकटी मी जाणत होते. निदान मला तरी तसंच वाटत होतं.

तर परवाची गोष्ट. संध्याकाळी मी रेवाला कागदावर लिहून दिलं: मेटॉल इतकं, सल्फाइट इतका, आधी चिमूट, मग बाकी. ती म्हणाली, "वॉव, आजोबांचा फॉर्म्युला!" तिनं जुन्या डब्यातून ती निगेटिव्ह शोधून काढली होती, मशिनीत घालून कॉम्प्युटरवर उतरवली होती. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा. पलीकडे मिलिंद स्वतःच्या लॅपटॉपवर ऑफिसचं काहीतरी बडवत होता. रेवा चित्र मोठं करत गेली. खेसाचे चौकडे, ओल्या कापडाचा धागा, श्वासाची खळगी. "ग्रेनच नाहीये यार आजी! कितीही झूम कर!" करत करत ती पायांशी आली आणि थांबली.

डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं होतं.

तिनं चप्पल काढली आणि पाय खुर्चीवर ठेवला. तिचंही दुसरं बोट तसंच, अंगठ्यावर चढलेलं. तिच्या बापाचं आहे, आजोबांचं होतं. आमच्या घराण्यातलं ते बोट आहे. "आजी," ती म्हणाली, "हा मज़दूर नाहीये. हे तर आजोबा आहेत!" मग तिच्या कपाळाला आठी पडली. "वेट. मग फोटो कोणी काढला?"

मिलिंदचं टाइप करणं थांबलं होतं. त्यानं आपले अनवाणी पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले. ते मी पाहिलं.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"कॉलेजात असताना लक्षात आलं," तो खाली बघून म्हणाला. "बाबांना विचारलं नाही कधी."

"आणि मला?"

त्यानं लॅपटॉप मिटला. तीस वर्षं याला माहीत होतं. पट्टीवर नाव कोरून आणलं तेव्हाही माहीत होतं. मी तिला चिंच लावायची तेव्हा हा सोफ्यावर बसून पेपर वाचायचा.

रेवा उठून फ्रेमकडे निघाली. "पापा, ही पट्टी बदलायला पाहिजे. आत्ताच्या आत्ता."

"राहू दे गं," मिलिंद म्हणाला, आणि माझ्याकडे वळला. आवाज अगदी समजुतीचा, बापासारखा. "आई, आता कशाला? बाबांची एवढीच तर आठवण आहे आपल्याकडे."

"आठवण माझी आहे," मी म्हटलं. "बाबा तर झोपले होते."